‘आई, जरा अशीच बस ना!’

शाळेचा चित्रकलेचा प्रकल्प घरी आला की हे वाक्य ऐकू येतं, आणि ते नेमकं कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या वेळी ऐकू येतं. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात पोळपाट, आणि दारात चिरंजीव किंवा कन्यारत्न वही-पेन्सिल घेऊन उभं! मग तुम्ही काय म्हणता? ‘आत्ता नको रे बाबा, मोबाइलवर माझा फोटो काढ आणि त्यावरून काढ चित्र!’ मूल निमूटपणे फोटो काढतं, त्यावरून रेघा ओढतं, दोन दिवसांत प्रकल्प ‘पूर्ण’ होतो. चित्रात नाक मोठं आलेलं असतं, कान गायब झालेले असतात, आणि आपण म्हणतो, आमच्याकडे चित्रकला काही फारशी नाही हो!

मैत्रिणींनो, नाक मोठं येण्यात मुलाची चूक नसते. मोबाइल चेहऱ्याजवळ धरून फोटो काढला की जवळचं नाक फुगतं आणि मागचे कान आक्रसतात. मुलानं फोटो इमानदारीनं उतरवला, एवढंच. समोर माणूस बसवून काढायचं चित्र आणि फोटोवरून काढायचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात आधी एकदा स्पष्ट झालं की पुढची बरीच वाट सोपी होते.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं शाळेत शिकवत नाहीत का? शिकवतात, पण थोडं. आपल्याकडे मुलं कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखन असतं, एलिमेंटरीला वस्तुचित्र नि इंटरमिजिएटला स्थिरचित्र असतं. माणूस समोर बसवून व्यक्तिचित्र काढायची स्वतंत्र प्रश्नपत्रिका त्यात नाही. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून या परीक्षांकडे सगळ्यांचं लक्ष, आणि आठवड्याच्या एक-दोन तासांत शिक्षक बिचारे तरी किती पुरे पडणार! मग चेहऱ्याचा प्रकल्प आला की तो घरावरच येतो. केंद्रीय बोर्डाच्या शाळांत अकरावी-बारावीला चित्रकला किंवा शिल्पकला हा विषय घेतलेल्या मुलांना वर्षभराच्या कामाचा संच दाखवावा लागतो. पुढे कला महाविद्यालयात जायचं असेल तर सोबत वर्षभराची स्केचेस असलेली बरी. थोडक्यात, आज ना उद्या हे आपल्या ओट्यापर्यंत येणारच.

आणि विद्यार्थ्याच्या कामाला कमी लेखू नका हं! मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गणपतराव म्हात्रे नावाचा एक तरुण शिकत होता. १८९६ च्या सुमारास, विशीच्या आसपास असताना, त्यानं प्लॅस्टरमध्ये एक तरुणी घडवली. नऊवारी नेसलेली, पूजेचं साहित्य हातात घेऊन देवळाकडे निघालेली. हीच ती ‘मंदिरपथगामिनी’. पुढे मोठे शिल्पकार म्हणून म्हात्र्यांचं नाव झालं, राजेरजवाड्यांची कामं त्यांनी केली, पण आजही त्यांचं नाव निघालं की आधी आठवते ती ही विद्यार्थिदशेतली मूर्ती. त्या नऊवारीच्या चुण्या पाहा, पायांतली चाल पाहा. आपल्या घरातल्या, आळीतल्या बायकांची चाल त्या पोरानं किती पाहिली असेल!

विषय लहान हवा

प्रकल्पाचा विषय निवडताना मुलं हमखास एक चूक करतात. ‘थोर पुरुष’, ‘भारताचे शिल्पकार’, ‘क्रिकेटवीर’ असं काहीतरी भव्य घेतात. म्हणजे काय, तर दहा फोटो शोधायचे आणि दहा चित्रं नकलायची. परीक्षकांनी ती चित्रं दरवर्षी गठ्ठ्यानं पाहिलेली असतात.

त्यापेक्षा घरातलं एकच माणूस घ्यायला सांगा. एक माणूस, आणि त्याची एक वेळ. ‘आजीची दुपार’ हा विषय घेतला तर केवढं सापडतं बघा. आजी वाती वळतेय, आजी चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधतेय, आजी पोथी वाचता वाचता पेंगतेय, आजी खिडकीशी बसून रस्त्यावर कोण आलं-गेलं त्याचा हिशेब ठेवतेय! चार दिवसांत वीस-पंचवीस छोटी स्केचेस होतात. त्यांतून दोन-तीन बसण्याच्या तऱ्हा निवडायच्या, त्यांची मोठी रेखाचित्रं करायची, त्यांतलं एक छायाप्रकाशासह पुरं करायचं, आणि शेवटी तोच चेहरा मातीत. म्हणजे प्रकल्पाला आपोआप एक धागा येतो. शिक्षकांना हवा असतो तो हाच, मुलानं कुठून सुरुवात केली आणि कुठे पोचलं ते दिसायला हवं.

घरात वडीलधारं कुणी नसेल तर बाबा आहेतच की. सकाळी पेपर किंवा मोबाइल हातात असताना त्यांच्याइतका न हलणारा मॉडेल शोधून सापडायचा नाही!

आमच्या ओळखीच्या एका घरात दहावीतल्या मुलीनं असाच आजीचा विषय घेतला. रेखाचित्रांपर्यंत सगळं ठीक चाललं. मातीचं नाव काढल्याबरोबर आजी बिथरल्या. ‘अगं, पुतळे मेलेल्या माणसांचे करतात. मी अजून हिंडते-फिरते आहे!’ आता या समजुतीला काय म्हणणार? सून शहाणी. तिनं वाद घातला नाही. ती म्हणाली, ‘आई, पुतळा नाही करत ती. मातीत नाक-डोळे गिरवायला शिकतेय. तुमचं नाक सुरेख आहे म्हणून तुम्हाला बसवतेय.’ नाकाचं काम झालं! आजी नथ घालून बसल्या. मुलीला नथ नको होती, नाकाचा आकारच झाकला जात होता, पण पहिले दोन दिवस तिनं नथीसकट काढलं आणि तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, ‘आजी, आज नथ काढून बसतेस का?’ तोवर आजींना बसायची गोडी लागली होती.

बसायचं कुठे, उजेड कुठला

आता कामाचं बोलू. माणूस खिडकीजवळ, एका बाजूनं उजेड येईल असा बसवा. घरातली ट्यूबलाइट बंद. समोरून आणि वरून दोन्हीकडून उजेड आला की चेहरा सपाट होतो, पोळीसारखा. एका बाजूचा उजेड असला म्हणजे नाकाची सावली पडते, गालाचं हाड दिसतं, डोळ्यांची खोबण कळते. मूल उजव्या हातानं काढणारं असेल तर त्याच्या कागदावर उजेड डावीकडून येऊ द्या, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर नाचते.

माणसाला अर्धा-अर्धा तास ताठ बसवू नका. वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं उठायचं, हे बरं. उठण्याआधी खुर्चीच्या पायांभोवती खडूच्या खुणा करा आणि समोरच्या भिंतीवर नजर कुठे होती ते ठरवून ठेवा, कॅलेंडरची खालची कड, खुंटी, काहीही. पुन्हा बसताना तीच जागा, तीच नजर. हातात लसूण सोलायला किंवा विणकाम दिलंत तर बसणाऱ्याचा वेळ जातो आणि हातांची स्केचेसही मिळतात. मात्र चेहऱ्याचं मुख्य चित्र चालू असताना बोलणं बंद, कारण तोंड हललं की गालही हलतात.

साहित्याला फार पैसे लागत नाहीत. एच. बी., २ बी, ४ बी आणि ६ बी अशा चार पेन्सिली, चांगल्या जाडीचा कार्ट्रिज कागद, पाठीला एक गुळगुळीत फळी आणि दोन क्लिपा. कोळशाच्या कांड्या मिळाल्या तर उत्तम. कोळशानं मूल बारीकसारीक गिरगटत बसत नाही, मोठ्या सावल्या आधी पाहायला शिकतं. फक्त पडद्यापासून आणि तुमच्या इस्त्रीच्या कपड्यांपासून त्याला लांब बसवा! कोळसा कपड्यावर पडलाच तर ओल्या फडक्यानं पुसू नका, डाग आत जातो. आधी कपडा झटका, मग धुवा.

डोळे कपाळात!

चेहरा काढताना नव्याण्णव मुलं डोळे फार वर काढतात. आपल्याला माणसाचे डोळे, नाक, तोंड एवढंच महत्त्वाचं वाटतं. कपाळ आणि वरची कवटी यांच्याशी आपल्याला काही देणंघेणं नसतं, म्हणून ती आक्रसते. खरं पाहता मोठ्या माणसाचे डोळे टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. विश्वास बसत नसेल तर आरशासमोर उभ्या राहा आणि कंगव्यानं मोजा. मीही मोजल्यावरच पटवून घेतलं. लहान मुलांचे डोळे मात्र मध्याच्याही खाली असतात, म्हणून तर बाळाचं कपाळ एवढं मोठं दिसतं. मुलं धाकट्या भावाचं चित्र काढतात आणि तो पन्नाशीचा कारकून दिसायला लागतो, त्याचं कारण हेच.

आणखी दोन-तीन मापं लक्षात ठेवण्यासारखी. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एक डोळा मावेल एवढी जागा असते. कानाची वरची कड भुवईच्या आणि खालची पाळी नाकाच्या टोकाच्या जवळपास येते. ओठांची मधली रेघ नाक आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर नसते, नाकाकडे सरकलेली असते. ही सगळी मापं ‘साधारण’ची आहेत. तुमच्या घरच्या माणसाची मापं याहून थोडी वेगळी असणारच, आणि तो जो थोडा वेगळेपणा असतो त्याच्यामुळेच चित्रातला माणूस ओळखू येतो. मुलानं आधी सर्वसाधारण माप शिकावं आणि मग समोरचा माणूस त्यातून कुठे निसटतो ते शोधावं.

मोजायची रीत जुनी आहे. हात सरळ ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत माप घ्यायचं. हात कोपरात वाकला की माप चुकलंच म्हणून समजा. कोन तपासायला गवंड्याचा ओळंबा असतो तसा दोऱ्याला किल्ली बांधून लोंबता सोडायचा. डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकपुडी एका उभ्या रेषेत येतात की नाही ते लगेच दिसतं. आणि सावल्या पाहायच्या तर डोळे किलकिले करायचे. बारकावे पुसट होतात, फक्त उजेड, मधली छटा आणि काळोख असे तीन भाग उरतात. ते तीन भाग आधी कागदावर आले की पुढचं सगळं सोपं. केसांचंही तसंच. एकेक केस काढायला बसू देऊ नका, अंबाडा हा आधी एक गोळा आहे, मग केस.

चित्र बिघडल्यासारखं वाटतंय पण नेमकं काय ते कळत नाही, असं झालं तर कागद आरशासमोर धरा. उलटं दिसलं की वाकडा डोळा आपण होऊन पुढे येतो. हे काम मुलाला स्वतःलाच करू द्या. आपल्या हाताला फार शिवशिवतं, मला ठाऊक आहे! ‘आण इकडे, ओठ मी नीट करून देते,’ असं म्हणून आईनं दुरुस्त केलेला ओठ चित्रात परका दिसतो. शिक्षकांना तो पहिल्या नजरेत कळतो, आणि मुलाला तर कायमचाच कळतो.

‘मी इतकी म्हातारी दिसते?’

इथे खरी अडचण येते, आणि ती कुठल्याच चित्रकलेच्या पुस्तकात लिहिलेली नसते. मुलानं मन लावून, जसं दिसलं तसं काढलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, हनुवटीखाली लोंबणारी कातडी काढली, पुढचा पडलेला दात काढला. आणि ज्यांचं चित्र, त्यांनी पाहून तोंड फिरवलं. ‘मी इतकी म्हातारी दिसते?’ त्या आजींचंही असंच झालं. त्यांनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि ‘बरं आहे’ म्हणून उलटं करून ठेवलं. मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी खोडरबर घेऊन सुरकुत्या पुसायला बसली.

अशा वेळी तुम्ही काय कराल? बहुतेक घरांत मुलाला सांगितलं जातं, ‘अरे, थोडं तरुण काढ ना, कुणाचं मन कशाला दुखवायचं!’ आणि मन दुखवू नये हे खरंच आहे. पण मुलानं तीन आठवडे पाहून जे कमावलं ते एका संध्याकाळी पुसून टाकायला लावणं हेही मला पटत नाही. मला वाटतं, चित्र मुलाचं राहू द्यावं आणि आजींची समजूत आपण काढावी. ते आपल्याला मुलांपेक्षा बरं जमतं. शिवाय एक तांत्रिक गोष्टही आहे. नवशिकी मुलं सुरकुती म्हणजे काळी रेघ समजतात आणि पेन्सिल दाबून ओढतात. खरी सुरकुती म्हणजे कातडीचा हलका उंचवटा आणि त्याच्या एका बाजूची सावली. रेघ मऊ केली, एका कडेला सोडून दिली, की वय तेच राहतं आणि चेहऱ्यावरचा कडवटपणा जातो. त्या मुलीच्या आईनं शाळेतल्या बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी हेच सांगितलं. मुलीनं सुरकुत्या ठेवल्या, रेघा हलक्या केल्या. आजींनी ते चित्र पाहून आपल्या आईची आठवण काढली. ‘थेट आमची आई दिसतेय गं,’ म्हणाल्या. स्वतःची दिसते असं काही त्या शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत!

घरातल्या माणसाला बसवण्याची रीत काही आजची नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर नाणावलेले चित्रकार. मुंबईत त्यांनी १९०८ साली चित्रकलेचे वर्ग काढले होते. हातात दिवा घेतलेली, बोटांच्या फटींतून ज्योतीचा लालसर उजेड अंगावर आलेली स्त्री तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर नक्की पाहिली असेल. पुष्कळजण ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं, १९४५-४६ च्या सुमाराचं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. आणि गंमत म्हणजे ते जलरंगात आहे, जिथे चुकलेलं पुसायची सोय फारशी नसते. त्यासाठी हातात दिवा घेऊन उभी राहिली होती ती त्यांची मुलगी गीता. ती २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून गेली.

आता माती

रेखाचित्रं झाली की मातीचं भय वाटायचं कारण नाही. गणपतीची शाडू माती चालते. जीवनाच्या आकाराचं डोकं करायला निघू नका, दहा-पंधरा किलो माती लागेल आणि ते उचलायला दोन माणसं! निम्म्या आकाराचं डोकं, म्हणजे टाळू ते हनुवटी साडेचार इंच, दोन-तीन किलोंत होतं. निम्मं करण्यात आणखी एक सोय अशी की मोजलेलं प्रत्येक माप नुसतं अर्धं करायचं.

माती कणकेसारखी मळा. फार सैल नको, पुऱ्यांच्या कणकेइतपत घट्ट, बोटांना चिकटणार नाही अशी. हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून पाटावर आपटून आपटून मळायची. एक चौकोनी फळी घ्या, मध्ये खालून खिळा मारून सहा-सात इंचांची उभी काठी बसवा, आणि वरच्या टोकाशी तारेनं एक छोटी आडवी काठी फुलीसारखी बांधा. ही फुली माती खाली घसरू देत नाही. तिच्याभोवती वर्तमानपत्राचा बोळा सुतळीनं घट्ट गुंडाळला की मातीही कमी लागते.

हत्यारं घरातच आहेत. बांबूच्या कामट्या घासून घ्या, जुन्या टूथब्रशची दांडी, केसांचा आकडा काठीला बांधला की माती खरवडायला झकास. जाड दोरा माती कापायला.

सुरुवात नाकाडोळ्यांनी करू देऊ नका. आधी अंड्यासारखी कवटी आणि मान. मान सरळ उभी नसते, थोडी पुढे झुकलेली असते. आजी-आजोबांची तर जास्तच. मुलं चेहऱ्याच्या बाजूनं मेहनत घेतात आणि मागचं डोकं सपाट ठेवतात, भिंतीला टेकवलेल्या मुखवट्यासारखं. म्हणून फळी स्टुलावर ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी ती फिरवायची, बसलेल्या माणसाभोवतीही फिरून पाहायचं. शक्य असेल तर एकदा वरूनही, खुर्चीवर चढून. वरून डोकं किती लांबट दिसतं याचं मोठ्यांनाही आश्चर्य वाटतं.

डोळ्याचं एक सांगते. कागदावर डोळा ‘काढायचा’ असतो, मातीत तसा काढता येत नाही. आधी खोबणीत सुपारीहून लहान असा गोळा बसवायचा आणि मग त्यावर पापण्या घालायच्या, करंजीची पारी सारणावर बसते तशा. वरची पापणी खालचीवर किंचित येते. कान सगळ्यांत शेवटी, चष्मा तर त्याच्याही नंतर.

रोजचं काम संपलं की डोक्यावर ओलं, पिळून घेतलेलं सुती फडकं आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. नाकाच्या टोकावर फडकं घासू नये म्हणून सैल बांधा. फडकं दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर कुबट वास सुटतो. माती वाळू दिली तर ती आक्रसते, आतली काठी मात्र आक्रसत नाही, आणि मग कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा जातो. म्हणून प्रकल्प दाखवेपर्यंत माती ओलसरच ठेवतात. नंतरही जपून ठेवायचं असेल तर माती खोबऱ्याइतकी घट्ट झाल्यावर दोऱ्यानं टाळूचं झाकण कापा, चमच्यानं आतून कागद आणि माती काढून बोटभर जाडीची भिंत ठेवा, काठी सोडवा, झाकण पातळ मातीनं पुन्हा चिकटवा, खाली हवेला भोक ठेवा, आणि वर कागद झाकून सावलीत पंधरा-वीस दिवस सावकाश वाळवा. कुंभाराच्या भट्टीत भाजायचा बेत असेल तर शाडू घेऊच नका. कुंभाराकडूनच माती आणा आणि कितपत जाड चालेल तेही त्यालाच विचारा.

एवढं जमणार नसेल तर उठावशिल्प करा. फळीवर बोटभर जाडीचा मातीचा थर, त्यावर एका बाजूनं दिसणारा चेहरा, नाण्यावर असतो तसा. काठी नको, फुली नको. आठवी-नववीच्या मुलांना मी तर हेच सुचवीन.

प्लॅस्टरबद्दल मात्र सावधान! हल्ली व्हिडिओ पाहून मुलं चेहऱ्यावर किंवा हातावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घ्यायला निघतात. प्लॅस्टर घट्ट होताना तापतं, जाड थर साठ अंशांपर्यंत जाऊ शकतो, आणि तोवर हात आत अडकलेला असतो. इंग्लंडमध्ये २००७ साली शाळेच्या कला-तासाला एका सोळा वर्षांच्या मुलीनं असे दोन्ही हात प्लॅस्टरात घातले आणि भाजल्यामुळे तिची बहुतेक बोटं गेली. तेव्हा घरी अंगावर प्लॅस्टर नाही म्हणजे नाही, कितीही हट्ट केला तरी. मातीच्या डोक्याचा साचा घ्यायचा झाला तर तो शिक्षकांसमोर, नाकाला फडकं बांधून. आणि उरलेलं प्लॅस्टर मोरीत ओतू नका. नळीत दगड होतो, मग प्लंबर शोधत फिरा! ते कागदावर घट्ट होऊ द्यायचं आणि कचऱ्यात टाकायचं. मातीचे हातसुद्धा आधी बादलीत धुवायचे, माती तळाला बसली की वरचं पाणी झाडांना.

मांडणी

दिवाळीची आवराआवर आणि प्रकल्प एकाच सुमारास आले तर धोका संभवतो. बिघडलेली चित्रं रद्दीत जातात! मुलाला पहिल्या दिवशीच सांगा, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाल आणि एकही फाडू नकोस. डोळे कपाळात गेलेलं पहिलं चित्रसुद्धा संचात हवं. शेवटच्या चित्राशेजारी ते ठेवलं की बोलायची गरज उरत नाही. पाच-सहा निवडक चित्रांना मागून पांढरा किंवा करडा कागद लावा. रंगीत चमचमत्या पट्ट्या, कोपऱ्यात फुलं, असलं काही नको. मातीच्या डोक्याचे रोज एकाच जागेवरून फोटो काढून ठेवले तर तेही संचात लावता येतात. मोबाइलचा खरा उपयोग इथे आहे.

सुटीत वेळ असेल तर मुलांना अलिबागजवळच्या सासवण्याला घेऊन जा. शिल्पकार विनायकराव करमरकरांचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरनं पाहिलं आणि या मुलाला मुंबईला जे. जे. मध्ये पाठवायची खटपट केली. भिंत रंगवली म्हणून तुम्ही-आम्ही धपाटाच घातला असता! तिथे कोळी माणसं आहेत, घरची माणसं आहेत, अंगणात बसलेली म्हैससुद्धा आहे. साताऱ्याकडे राहत असाल तर औंधचं श्री भवानी संग्रहालय जवळ. मुलांना सांगा, तिथे फोटो काढत सुटू नका, एका पुतळ्यासमोर पंधरा मिनिटं बसून वहीत काढा.

आणि शेवटचं, शाळेत न्यायचा दिवस. रिक्षात डोकं मागच्या सीटवर ठेवू नका, एका खड्ड्यात नाक गेलंच म्हणून समजा. मोठ्या पातेल्यात तळाशी जुनी साडी गोल वळून घाला, त्यात फळीसकट डोकं बसवा, बाजूंना आणखी कपडे खुपसा, आणि पातेलं मांडीवर घेऊन बसा. सोबत ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा आणि एक कामटी डबीत असू द्या. कानाची पाळी वाटेत पडतेच, ती मुलाला तिथल्या तिथे बसवता येते.